'आपला देश आधी' म्हणणारे एकमेकांचे मित्र कसे होतात?

जानेवारी 2007मध्ये रुमेनिया आणि बल्गेरिया युरोपीय संघात दाखल झाले. त्यांचे खासदार युरोपीय संसदेत येऊन बसले आणि याचा आयता फायदा झाला तो फ्रान्सच्या अतिउजव्या 'फ्रों नास्योनाल' पक्षाला. संघाच्या विस्ताराला या पक्षाचा विरोध होता. पण पक्षाचे खासदार ब्रुनो गोलनिश यांना संसदेत गट स्थापन करायचा होता, त्यासाठी सहा देशांतले मिळून किमान 20 खासदार लागत होते, आणि आकडा काही केल्या जुळत नव्हता. 'विशाल रुमेनिया' पक्षाच्या पाच खासदारांनी तो जुळवून दिला. गटाचं बारसं झालं: 'अस्मिता, परंपरा, सार्वभौमत्व'.

गट दहा महिने टिकला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत रोममध्ये एका महिलेचा खून झाला, संशयित रुमेनियातून आलेला होता, आणि इटलीत संतापाची लाट उसळली. त्या लाटेत आलेसांद्रा मुसोलिनी यांनी (हो, त्याच मुसोलिनीची नात) कायदा मोडणं हीच रुमेनियन लोकांची जीवनपद्धती झाली आहे, अशा अर्थाचं विधान केलं. त्या याच गटाच्या सदस्य होत्या. रुमेनियाचे पाचही खासदार भडकून बाहेर पडले, संख्या 20च्या खाली गेली आणि 14 नोव्हेंबर 2007 रोजी गट बरखास्त झाला. परकीयांना नावं ठेवणं हा ज्या पक्षांचा सामायिक कार्यक्रम, ते पक्ष एकमेकांना परकीयच होते.

हा किस्सा गेली कित्येक वर्षं 'राष्ट्रवादी कधी एकत्र येऊच शकत नाहीत' हे सांगण्यासाठी वापरला जातो. मला तो अर्धाच खरा वाटतो. 2024च्या निवडणुकीनंतर युरोपीय संसदेत अशा पक्षांचे एक सोडून तीन गट उभे राहिले. हंगेरीचे व्हिक्टर ऑर्बान आणि फ्रान्सच्या मारीन ल पेन यांच्या पक्षांचा 'पेट्रियट्स फॉर युरोप' (84 खासदार), इटलीच्या जॉर्जिया मेलोनी यांचा पक्ष आणि पोलंडचा 'कायदा आणि न्याय' पक्ष यांचा 'ईसीआर', म्हणजे 'युरोपीय परंपरावादी आणि सुधारणावादी' (78), आणि जर्मनीच्या अतिउजव्या 'एएफडी' पक्षाभोवती जमलेला तिसरा, 'सार्वभौम राष्ट्रांचा युरोप' (25). बेरीज 187, म्हणजे 720च्या सभागृहात चौथाईहून थोडी जास्त. एकत्र येता येत नाही म्हणावं तर हे आले कुठून? आणि एकत्र आलेत म्हणावं, तर तीन चुली कशासाठी?

आधी गणित समजून घेऊ

युरोपीय संसदेत खासदार देशानुसार बसत नाहीत, राजकीय गटानुसार बसतात. गट स्थापन करायला आज किमान 23 खासदार लागतात आणि ते किमान सात देशांतून निवडून आलेले असावे लागतात. दुसरी अट खरी जाचक आहे. फ्रान्स किंवा इटलीतला मोठा पक्ष पहिला आकडा एकट्यानं गाठू शकतो. सात देश मात्र कुणालाच एकट्यानं गाठता येत नाहीत. म्हणजे 'आमचं आम्ही बघू' म्हणणाऱ्या पक्षालाही सहा परदेशी सोबती शोधावेच लागतात.

न शोधले तर? तो पक्ष 'असंलग्न' ठरतो. भाषणाला वेळ कमी, कर्मचारी कमी, निधी कमी. सभागृहाचा कार्यक्रम गटनेत्यांच्या बैठकीत ठरतो, तिथे असंलग्नांच्या प्रतिनिधीला मतच नसतं. आणि सर्वात महत्त्वाचं, कायद्याच्या मसुद्यावर संसदेच्या वतीनं अहवाल लिहिण्याचं काम सहसा वाट्याला येत नाही. या अहवाल लिहिणाऱ्या खासदाराला बाहेर फारसं कुणी ओळखत नाही, पण मसुद्यातला कुठला शब्द ठेवायचा नि कुठला काढायचा याच्या वाटाघाटी तोच चालवतो. प्रत्येक गटाला आपल्या आकारानुसार गुण मिळतात आणि ते खर्चून गट ही कामं मिळवतात, जवळजवळ लिलावासारखी. जुलै 2025मध्ये 2040च्या हवामान उद्दिष्टाचा मसुदा अशाच बोलीत 'पेट्रियट्स' गटानं मिळवला. ज्या गटाला ते उद्दिष्टच नको होतं, त्याच्याच हाती त्याचा अहवाल आला. पुढे उद्दिष्ट हाणून पाडणं काही त्यांना जमलं नाही, संसदेनं ते मंजूर केलंच. पण गटात असण्याची किंमत काय, हे त्यातून कळतं.

सात देशांच्या या अटीमुळे कधीकधी एकटा-दुकटा खासदार सोन्याच्या भावानं जातो. ऑक्टोबर 2014मधली गोष्ट. ब्रिटनच्या नायजेल फराज यांचा गट चांगला 48 जणांचा होता. त्यातल्या लाटव्हियाच्या एकुलत्या एक खासदार इवेता ग्रिगुले गट सोडून गेल्या, सातातला एक देश कमी झाला आणि अख्खा गट कोसळला. चारच दिवसांत तो पुन्हा उभा राहिला, कारण पोलंडचे एक खासदार, रॉबर्ट इवाश्केविच, येऊन मिळाले. त्यांचा पक्ष बायकांना मताधिकारच नको म्हणणाऱ्या यानुश कोर्विन-मिक्के यांचा. मारीन ल पेन यांच्या पक्षाला ज्यूद्वेषाचा इतिहास आहे म्हणून त्यांच्यासोबत बसणार नाही, असं फराज तोपर्यंत ठणकावून सांगत होते. तत्त्वाला मुरड कधी घालायची, हे देशांची संख्या ठरवते.

याला जोड म्हणजे पुढच्याच वर्षी ल पेन यांनीही तेच केलं. 2014मध्ये त्यांच्याकडे पाच देश होते, दोन कमी पडले. जून 2015मध्ये ते दोन मिळाले: कोर्विन-मिक्के यांनी स्थापन केलेल्या त्याच पक्षाचे दोन पोलिश खासदार, आणि फराज यांच्या पक्षानं हाकललेल्या एक ब्रिटिश बाई. एकाच छोट्या पोलिश पक्षाचे खासदार दोन प्रतिस्पर्धी गटांना पुरले.

एकमत कशावर?

नकारांवर, हे पटकन सांगून टाकतो. ब्रसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाकडे, आणखी अधिकार नकोत, बाहेरून येणारे स्थलांतरित नकोत, हवामानाच्या नावाखाली येणारे नियम नकोत, सदस्यदेशांचा नकाराधिकार काढून घेणं नको. जुलै 2021मध्ये ल पेन, इटलीच्या 'लेगा' पक्षाचे साल्विनी, ऑर्बान, मेलोनी, पोलंडचे काचिन्स्की अशा 16 पक्षांनी एक संयुक्त जाहीरनामा काढला. त्याचा गाभा एवढाच: सगळ्या देशांच्या वर बसणारं युरोपचं एक महाराज्य करू नका. त्यातून सामायिक गट मात्र निघाला नाही.

एक बदल मात्र नीट पाहण्यासारखा आहे. ब्रेक्झिटच्या आधी यातले बरेच जण बाहेर पडण्याची भाषा करत होते. ब्रिटनची फरफट पाहिल्यावर ल पेन आणि साल्विनी यांनी युरो सोडण्याची मागणी गुंडाळून ठेवली. आता म्हणणं असं की संघात राहायचं आणि तो आतून बदलायचा. बाहेर पडायचं असेल तर मित्र कशाला हवेत? आतून बदलायचं असेल तर हवेतच. गेल्या दहा वर्षांत सहकार्य वाढलं, त्यामागे मला हे सर्वात मोठं कारण दिसतं.

आणि बिनसतं कुठे?

पहिली जागा जमिनीची. 1920च्या त्रियानों तहात हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश प्रदेश गेला. त्यातला ट्रान्सिल्व्हेनिया रुमेनियाला मिळाला. आजही रुमेनियात सुमारे 10 लाख हंगेरियन भाषक राहतात. हंगेरीच्या राष्ट्रवादाची ती भळभळती जखम, तर रुमेनियाच्या राष्ट्रवादाचं ते सर्वोच्च यश. 2010मध्ये सत्तेवर येताच ऑर्बान यांनी शेजारी देशांतल्या हंगेरियनांना नागरिकत्व देण्याचा कायदा केला. दुसऱ्या बाजूला रुमेनियाचा नवा राष्ट्रवादी पक्ष 'एयूआर', त्याचे नेते जॉर्जे सिमिओन. 2019मध्ये रुमेनियातल्या उझ खोऱ्यातल्या एका लष्करी दफनभूमीवरून, म्हणजे तिथे पुरलेले सैनिक कुणाचे यावरून, रुमेनियन आणि हंगेरियन जमाव समोरासमोर आले. त्या गर्दीत सिमिओन होते.

2024मध्ये ऑर्बान यांचा 'फिदेस' पक्ष मेलोनींच्या गटात जाणार अशी चर्चा होती. त्या गटानं 'एयूआर'ला दार उघडलं आणि फिदेसनं जाहीर केलं, की हंगेरियनांचा द्वेष करणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून आम्ही बसणार नाही. मग 30 जूनला व्हिएन्नात ऑर्बान, ऑस्ट्रियाचे हर्बर्ट किकल आणि चेक प्रजासत्ताकाचे आंद्रेय बाबिश यांनी नव्या आघाडीची घोषणा केली. आठवडाभरात ल पेन, साल्विनी, नेदरलँड्सचे विल्डर्स आणि मेलोनींच्या गटातून फुटलेला स्पेनचा 'व्हॉक्स' तिथे आले. तीन चुलींपैकी दोन का वेगळ्या, याचं एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तहात आहे.

गोष्ट इथे संपत नाही. मे 2025मध्ये सिमिओन राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोहोचले आणि हंगेरीतल्या तिहान्यच्या मठातल्या भाषणात ऑर्बान त्यांना अनुकूल वाटेल असं बोलून गेले. ख्रिस्ती युरोप आणि सार्वभौमत्व यावर आमचं जमतं, असा सूर. ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियनांना धक्का बसला. ज्यांच्या नावानं ऑर्बान यांनी इतकी वर्षं राजकारण केलं, त्यांच्या पक्षानं सिमिओन यांच्या विरोधकाला, निकुशोर दान यांना, आधीच पाठिंबा दिला होता. 18 मेच्या मतदानात हंगेरियन बहुसंख्य असलेल्या हारगिता आणि कोवास्ना जिल्ह्यांनी दान यांना भरभरून मतं दिली आणि सिमिओन हरले. नेत्यांची मैत्री खाली झिरपत नाही, तिथे लोकांना शेजारी कोण आहे हे रोज दिसत असतं.

दुसरी जागा, कोणी कोणाचं ओझं उचलायचं. ऑगस्ट 2018मध्ये इटलीचे तेव्हाचे गृहमंत्री साल्विनी आणि ऑर्बान मिलानमध्ये भेटले, फोटो झाले, कौतुक झालं. संघाच्या नियमानुसार आश्रय मागणाऱ्याची जबाबदारी साधारणपणे तो ज्या देशात पहिल्यांदा पोहोचला त्या देशाची. समुद्रातून येणारे पोहोचतात इटलीला. त्यामुळे इटलीची मागणी, की हे लोक सगळ्या देशांनी वाटून घ्या. हंगेरीचं उत्तर, की एकही नाही. दोघांचं शत्रुत्व एकाच गोष्टीशी आणि हित अगदी उलट. पैशाचंही तसंच. 'एएफडी' 2013मध्ये जन्मली तीच मुळी युरो संकटातल्या दक्षिणेकडच्या देशांना मदत देण्याच्या विरोधातून. साल्विनींचा पक्ष मात्र इटलीला अर्थसंकल्पी तूट वाढवू द्या म्हणून ब्रसेल्सशी भांडत होता.

तिसरी जागा रशिया. ऑस्ट्रियाच्या 'एफपीओ'नं (किकल यांचा पक्ष) डिसेंबर 2016मध्ये आणि साल्विनींच्या 'लेगा'नं मार्च 2017मध्ये पुतीन यांच्या 'युनायटेड रशिया' पक्षाशी सहकार्याचे करार केले. ल पेन यांच्या फ्रों नास्योनालनं 2014मध्ये एका रशियन बँकेकडून 90 लाख युरोंहून जास्त कर्ज उचललं होतं. पोलंडच्या राष्ट्रवाद्यांसमोर यातलं काहीही उच्चारून पाहा. त्यांच्या लेखी रशिया हाच इतिहासातला आणि आजचाही पहिला धोका. मेलोनींचा गट युक्रेनच्या बाजूनं आणि पेट्रियट्स गट मदतीला खोडा घालणारा, ही दरी आजही तशीच आहे.

'एएफडी' वेगळी का, याचं उत्तर मे 2024मध्ये आहे. तिचे उमेदवार माक्सिमिलियान क्राह एका इटालियन वृत्तपत्राला म्हणाले, की 'एसएस' या नाझी निमलष्करी दलातला प्रत्येक माणूस आपोआप गुन्हेगार ठरत नाही. ल पेन यांनी अनेक वर्षं खपून पक्षाची प्रतिमा धुतली होती, अगदी वडिलांना पक्षातून काढण्यापर्यंत. फ्रान्सचा मतदार हे ऐकणार म्हटल्यावर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. 23 मेला, मतदानाला दोन आठवडे असताना, एएफडीची तेव्हाच्या सामायिक गटातून हकालपट्टी झाली. मित्रपक्षाच्या तोंडून निघालेलं वाक्य आपल्या मतदाराला ऐकू जातं, हा या मैत्रीतला कायमचा धोका.

काही विसंगती मात्र चालवून घेतल्या जातात. व्हॉक्सला स्पेनपासून फुटू पाहणाऱ्या कॅटलोनियाच्या फुटीरतावाद्यांचा मनस्वी तिटकारा. त्याच व्हॉक्सच्या शेजारी पेट्रियट्स गटात बसतो 'व्लाम्स बेलांग', ज्याला बेल्जियम मोडून स्वतंत्र फ्लँडर्स हवं आहे. एकाला देश अखंड हवा, दुसऱ्याला देशच नको. दोघंही त्या विषयाला हात लावत नाहीत, आणि निभावून नेतात.

संसदेबाहेरचं

गटाच्या गणिताइतकंच बाहेरही बरंच चालतं. 2022च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी फ्रेंच बँका दारात उभं करेनात, तेव्हा ल पेन यांना हंगेरीच्या एमकेबी बँकेनं सुमारे 1 कोटी 6 लाख युरोंचं कर्ज दिलं. नंतर व्हॉक्सलाही तिथूनच कर्ज मिळालं. जाहीरनाम्यांपेक्षा हे सहकार्य मला जास्त ठोस वाटतं. शिवाय बुडापेस्टमध्ये 2022पासून अमेरिकन रिपब्लिकनांच्या धर्तीवर भरणाऱ्या परिषदा आहेत, आणि सभा तर आहेतच. सभांचा फायदा घरच्या मतदारापुढे होतो: 'आम्हाला वाळीत टाकलेले म्हणता ना, बघा, आमच्यासारखे सगळीकडे आहेत.' कधी डाव उलटतो. 18 मे 2019 रोजी मिलानच्या चौकात साल्विनी, ल पेन, विल्डर्स भर पावसाळी हवेत विजयाची भाषा करत होते आणि त्याच दिवशी व्हिएन्नात त्यांचे मित्र, 'एफपीओ'चे श्ट्राखं यांनी उपचॅन्सेलरपदाचा राजीनामा दिला. इबिझामध्ये छुप्या कॅमेऱ्यानं टिपलेली त्यांची चित्रफीत आदल्याच दिवशी बाहेर आली होती.

बाहेरच्यानं येऊन ही मोट बांधून द्यावी, हे मात्र त्यांना चालत नाही. ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन यांनी 2018मध्ये ब्रसेल्समधून 'द मूव्हमेंट' नावाची संघटना काढली. सर्वेक्षणं, प्रचाराचं तंत्र, सगळं पुरवायची तयारी होती. ल पेन यांनी सुनावलं, की बॅनन अमेरिकन आहेत, युरोपीय नव्हेत. शिवाय अनेक देशांत निवडणुकीत परदेशी मदत घेणं कायद्यानंच अवघड. संघटना बारगळली. तीच नस पुन्हा जानेवारी 2025मध्ये दुखली. ट्रम्प ग्रीनलँड मागू लागले, तेव्हा डॅनिश पीपल्स पार्टीचे आंदेर्स व्हिस्टिसेन यांनी युरोपीय संसदेत उभं राहून ट्रम्प यांना इंग्रजीतली कडक शिवी हासडली आणि पीठासीन अधिकाऱ्याची समज ओढवून घेतली. ते पेट्रियट्स गटाचेच खासदार. तीनच आठवड्यांनी माद्रिदमध्ये त्याच गटाची सभा झाली, घोषणा होती 'युरोपला पुन्हा महान करू', ट्रम्प यांच्याकडून जशीच्या तशी उचललेली.

मग परिणाम किती?

मतदानात हे तिन्ही गट मुख्य प्रवाहातल्या गटांइतके एकजिनसी नसतात. जुलै 2025मध्ये संघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांच्यावर अविश्वास ठराव आला, तो आणणारा खासदार मेलोनींच्या गटातला, 'एयूआर'चा. पोलिश सहकाऱ्यांनी साथ दिली आणि खुद्द मेलोनींच्या पक्षानं दिली नाही. 175 विरुद्ध 360 मतांनी ठराव पडला. मेलोनींना आयोगाशी रोजचा व्यवहार करायचा असतो, विरोधात बसलेल्या गटबंधूंना नाही.

तरीही परिणाम होतो तो वेगळ्याच वाटेनं. इतर गटांनी पेट्रियट्सना वाळीत टाकलं आहे: 2024च्या वाटपात 84 खासदार असूनही एक उपाध्यक्षपद मिळालं नाही, एका समितीचं अध्यक्षपद मिळालं नाही. पण मतं मोजताना वाळीत टाकलेल्याचंही मत एकच भरतं. सप्टेंबर 2024मध्ये व्हेनेझुएलाच्या विरोधी उमेदवाराला विजयी मानणारा ठराव मध्यम-उजव्या 'ईपीपी' (युरोपियन पीपल्स पार्टी) गटानं डाव्यांना सोडून या गटांच्या मतांवर मंजूर करून घेतला. ब्रसेल्समध्ये तेव्हापासून 'व्हेनेझुएला बहुमत' हा शब्दच रूढ झाला. नोव्हेंबर 2025मध्ये कंपन्यांवरचे पर्यावरण आणि मानवी हक्कांविषयीचे नियम सैल करताना पुन्हा तेच घडलं. म्हणजे राष्ट्रवाद्यांचं आपसात जमलं नाही तरी चालतं, ईपीपीला कधीतरी त्यांची गरज पडली की पुरे.

शिवाय संसद ही एकच जागा नाही. सरकारप्रमुखांच्या बैठकीत परराष्ट्र धोरणासारख्या विषयांवर एकमत लागतं. तिथे सात देश जमवायची गरज नाही, अडवायला एक पुरतो. डिसेंबर 2025ची बैठक घ्या. प्रश्न होता युक्रेनला पैसे कुठून द्यायचे. गोठवलेल्या रशियन ठेवी वापराव्यात असा एक प्रस्ताव होता. त्यातल्या बऱ्याचशा ठेवी ब्रसेल्सच्या 'युरोक्लिअर' या संस्थेत पडून आहेत, म्हणजे उद्या रशियानं दावा लावला तर झळ बेल्जियमला. बेल्जियमचे पंतप्रधान बार्ट डे वेव्हर फ्लेमिश राष्ट्रवादी, संसदेत मेलोनींच्या गटातले आणि युक्रेनचे समर्थक. त्यांनी ठाम नकार दिला. शेवटी सामायिक कर्ज काढून 90 अब्ज युरो द्यायचं ठरलं. ऑर्बान, बाबिश आणि स्लोव्हाकियाचे फित्सो (हे स्वतःला डावे म्हणवतात) यांनी आपल्या देशांवर त्याचा भार पडणार नाही अशी सूट मिळवून वाट मोकळी करून दिली. मेलोनींचा इटली कर्जाच्या बाजूनं राहिला. एका खोलीत इतके 'आपला देश आधी'वाले होते, आणि प्रत्येकानं नेमकं तेच केलं.